मेजरसाबचं चाकांचं धनुष्य

माझी बायको सुमन गेली त्याला सात महिने होतील. चिक्कडपल्लीच्या या फ्लॅटमध्ये माणसं पुष्कळ आहेत. मुलगा आहे, सून आहे, नातू आहे. सगळी चांगली आहेत, वेळेवर जेवायला देतात, गोळ्या देतात. पण ती बोलतात ती फोनशी, नाहीतर एकमेकांशी, आणि तेही निम्मं हिंदीत, निम्मं तेलुगूत. माझ्याशी बोलणारी एक होती, ती गेली. म्हणून लिहायला बसलो. मी सातवी नापास. सगळी उमर सायकलच्या चाकांचे आउट काढण्यात गेली. चाक फिरताना डुलायला लागलं की त्याला आम्ही आउट म्हणतो, आणि तारा कसून-ढिल्या करून ते डुलणं घालवणं म्हणजे आउट काढणं. तेवढंच मला येतं. सजवून लिहिणं येत नाही. या प्रकरणात मेजरसाबच्या धनुष्याचं सांगतो. मी ते कसं बिघडवलं, अप्पांनी ते कसं नीट केलं, आणि मला दोन शब्द बोलायचे होते त्यांचं पुढे काय झालं. बाकीच्या आठवणी इकडच्या तिकडे झाल्या तरी चालतील, ही मात्र जशी झाली तशीच लिहायची ठरवली आहे.

आमचं दुकान काचीगुडा स्टेशनसमोरच्या गल्लीत होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तासावर सायकली भाड्याने द्यायचो, त्याला इथे सायकल टॅक्सी म्हणत, आणि बाकी दुरुस्ती. घरात तीन माणसं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आत्या, म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण, आणि मी. आई मी चौदा वर्षांचा असताना तापाने गेली. ती असेपर्यंत अप्पा बोलत असत, हे मला पक्कं आठवतं. ती गेल्यावर त्यांचं बोलणं आटलं. दिवसाला दहा शब्द. "जेवलास?" "तेरा नंबरचा पाना दे." "हवा बघ." एवढ्यात दिवस संपायचा. आत्या बोलायची, पण ती चुलीशी, मांजराशी, भाकरी करपली तर भाकरीशी. माझ्याशी बोलली तर, "तुझा बाप असाच. लहानपणीही असाच होता. मधी तुझी आई आली म्हणून चार दिवस बोलला," असं म्हणायची आणि पुन्हा पिठाकडे वळायची.

आवाज मात्र घरात पुष्कळ. पहाटे छोट्या लायनीच्या गाडीची शिट्टी, मग स्टेशनातली तीन भाषांतली घोषणा, तिन्हीतली एकही नीट समजायची नाही. मग आत्याचं भाकरी थापणं. आणि त्यात मिसळून दुकानातून येणारा अप्पांच्या तारांचा आवाज. अप्पा चाकाचा आउट डोळ्याने कमी आणि कानाने जास्त काढत. नखाने एकेक तार छेडत, टिंग, टिंग, आणि जी तार बाकीच्यांपेक्षा वेगळी वाजली तिच्यावर चावी लावत. मी आत ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी खात बसलेलो असे. वरून लसणाची फोडणी घातलेली ती आंबट भाजी, इथले लोक तिला गोंगुरा म्हणतात. खाता खाता मी ते टिंग टिंग ऐकायचो आणि मनात म्हणायचो, तारांशी एवढं बोलतात, माझ्याशी काय झालं? सतरा वर्षांचा घोडा होतो, मिशी फुटली होती, आणि बापाने एकदा आपणहून काहीतरी बोलावं म्हणून झुरत होतो. हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. आता हसायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

मेजरसाब आले ते उन्हाळ्याच्या तोंडाला. सिकंदराबादला छावणीच्या बाजूला बंगल्यात एकटेच राहायचे, फौजेतून रिटायर. लढाईत उजवा खांदा निकामी होता होता वाचलेला. जीप गल्लीत कशीबशी घुसवून उतरले आणि अप्पांना म्हणाले, "उस्ताद, तुम्हारे चक्कों की बहुत तारीफ सुना मैं. ये भी चक्केवालाच है. देखो जरा."

कापडातून त्यांनी जे काढलं ते बघून मी हवा भरायचा पंप सोडून आलो. धनुष्य म्हणजे कॅलेंडरवर रामाच्या हातात असतं ते, एवढंच मला माहीत. हे तसं नव्हतं. मधला भाग धातूचा, वर-खाली दोन आखूड पात्या, आणि पात्यांच्या टोकांना पुरीएवढं एकेक चाक. त्या चाकांवरून दोरी गेलेली आणि मागून पोलादी तारा एकमेकींना ओलांडून गेलेल्या. त्यांच्या भावाने अमेरिकेहून पाठवलं होतं. मेजरसाबनी समजावून सांगितलं. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होतं, हे मध्यापर्यंत जड होतं आणि शेवटच्या वितीत एकदम हलकं पडतं. त्यामुळे ओढून धरून ठेवता येतं. "मेरा कंधा इतनाच झेल सकता. ये नहीं रहा तो मेरा तीर चलाना बंद." मग तक्रार सांगितली. बाण सरळ जात नाही. शेपूट हलवत जातो, मछली के सरीखा.

शेवटी हलकं पडतं, हे मी माझ्या कानाने ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं.

अप्पांनी धनुष्य ठेवून घेतलं. "आठ दिन, साब," एवढंच म्हणाले. चार दिवस त्यांनी पाना लावला नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की धनुष्याचा मधला भाग शिकंज्यात धरायचे, दोरीला पट्टा अडकवून हळूहळू ओढायचे आणि चाकांकडे बघत बसायचे. दोन्ही चाकांवर खडूची एकेक रेघ मारली होती. ओढायचे, बघायचे, सोडायचे. पाचव्या दिवशी गावाहून चुलत चुलते वारल्याचा निरोप आला. नांदेडच्या बाजूला आमचं गाव. अप्पा पिशवी भरून निघाले, पायरीवर थांबले आणि म्हणाले, "धनुष्याला हात लावू नको. मला अजून ते कळलं नाही."

एवढं लांब वाक्य बऱ्याच महिन्यांनी माझ्या वाट्याला आलं होतं आणि त्यात काय होतं, तर त्यांना कळलं नाही. मला तर कधीच कळलं होतं! पहिल्याच दिवशी मी बोटाने चाक हळूच फिरवून बघितलं होतं. भोक मधोमध नव्हतंच. चांगलं बोटभर एका बाजूला. चाक फिरलं की एक कड वर येत होती, एक खाली जात होती. एवढा मोठा आउट मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. बाण डुलत जातो म्हणे! चाक असं डुलत असल्यावर बाण दुसरं काय करील? मनात आलं, अप्पा म्हातारे व्हायला लागले. आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं. ते गावाहून येतील, धनुष्य सरळ झालेलं बघतील, आणि काहीतरी बोलतील. काय बोलतील ते मी ठरवलंही नव्हतं. नुसतं "दिगू" म्हणाले असते तरी चाललं असतं.

अप्पांची गाडी सुटली तशी मी दुकानाची एक फळी लावून घेतली. पात्यांचे दोन्ही बोल्ट अर्धा अर्धा आटा सारखे ढिले करत आणले, दोरी सैल पडली, खुंट्या काढल्या आणि दोन्ही चाकं हातात आली. तिथून दोन दुकानं सोडून सत्यमअण्णाचं लेथ होतं. सत्यमअण्णा तेलुगू माणूस, तोंडात कायम विडी, आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्याने चाकं उलटसुलट केली.

"क्या रे, ये दोनों में एक सरीखा गलती कैसा?"

"एकच मशीन पे बिगडे होंगे."

"अमेरिकावाला इतना बडा विमान उडाता, उसको सेंटर नहीं मालूम?"

"अण्णा, तुम भोक मारो ना. अप्पा बोलके गये."

हे पहिलं खोटं. त्याने मान हलवली, जुन्या भोकात पितळेचं बूच ठोकून घासलं, आणि चाकाचं बरोबर केंद्र काढून नवीन भोक पाडलं. बदल्यात मी त्याच्या सायकलला ब्रेकची रबरं बसवून दिली. चाकं परत चढवली आणि फिरवली. काय फिरली! केसाएवढी हलली नाहीत. मी दोरी ओढली. जड लागली, ओढत नेली तशी आणखी जड, शेवटपर्यंत जड. मला वाटलं, बघा, आता जीव आला. भुश्याच्या पोत्यावर एक बाण मारला, तो पार पिसांपर्यंत आत घुसला. शेपूट हलली की नाही ते मी बघितलं नाही. खरं म्हणजे बघायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अप्पा आले. मागच्या मोरीवर पाय धूत होते, तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला. मी धावत पुढे गेलो, धनुष्य मेजरसाबच्या हातात दिलं आणि म्हणालो, "हो गया, साब."

दुकानामागे रेल्वेचे जुने स्लीपर रचून ठेवलेलं रिकामं मैदान होतं. मेजरसाब तिथे उभे राहिले, बाण चढवला, ओढायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मध्यापर्यंत नेहमीसारखं. मग शेवटच्या वितीत त्यांनी खांदा सैल सोडला. रोजची सवय त्यांना. तिथे ते हलकं व्हायचं ना. ते हलकं झालं नाही. खांद्यात काहीतरी कडकन वाजलं, ते मी पाच पावलांवरून ऐकलं. बाण स्लीपरांवर आपटून वाकला, धनुष्य खाली पडलं आणि मेजरसाब मातीत बसले. तोंड राखेसारखं झालं होतं.

अप्पा ओल्या पायांनीच पळत आले. त्यांनी आधी मेजरसाबना धरलं. मग त्यांची नजर चाकावर गेली. पितळेचं बूच उन्हात चमकत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच.

"किसने हाथ लगाया इसको?" मेजरसाबनी दात दाबून विचारलं.

मला बोलायचं होतं. 

"मैं लगाया, साब," अप्पा म्हणाले. "गलती मेरी है."

सत्यमअण्णा दाराशी येऊन उभा होता, दोन गिऱ्हाइकं होती, शेजारचे टेलर मास्तर गळ्यात टेप घालून उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. सिकंदराबादहून ज्याच्याकडे लोक चाकं घेऊन येत तो माणूस मान खाली घालून उभा होता. मेजरसाब म्हणाले, "उस्ताद, तुमसे ये उम्मीद नहीं थी." ड्रायव्हरने त्यांना उचलून जीपमध्ये बसवलं. धनुष्य तिथेच पडून राहिलं.

मला वाटलं, आता अप्पा मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी धनुष्य उचललं, पुसलं, आत नेऊन ठेवलं. आत्या म्हणाली, "काय झालं रे?" ते म्हणाले, "त्याला आधी भाकरी वाढ." मी खाल्ली.  जेवण झाल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले.

"त्या माणसाला दुखायलं होतं. तिथं तुझं-माझं करायची येळ नव्हती, म्हणून मी माझं नाव घेतलं. कळलं?"

"हो, अप्पा."

"आता हे आपण नीट करू. नीट झालं की तू घेऊन जायचं. एकटा. आणि तुझ्या तोंडानं सांगायचं, मी केलं म्हणून. मैं किया. दोनच शब्द आहेत. जमतील?"

"जमतील."

पुढचे आठ दिवस माझ्या जन्मातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे लिहायला लाज वाटते, पण तसं आहे. एका माणसाचा खांदा मी मोडला होता आणि मी सुखात होतो, कारण अप्पा बोलत होते. धनुष्याशिवाय दुसरं काही नाही, पण बोलत होते. मी विचारलं, भोक एका बाजूला का? ते म्हणाले, "आत्याच्या जात्याचा खुंटा कुठं असतो? कडेला. मधोमध ठोकला तर ती पीठ काढील का?" आतून आत्या ओरडली, "मला कशाला मधी घेतोस? तुझं तू बघ!" अप्पांनी चाक हातात धरून फिरवून दाखवलं. ओढायला लागलं की चाकाची आखूड बाजू दोरीकडे असते, म्हणून जड. चाक फिरून गेलं की लांब बाजू दोरीकडे येते, म्हणून हलकं. खुंटा कडेला असल्यासारखंच. चार दिवस ते हेच बघत बसले होते. आणखी एक दिवस मिळाला असता तर त्यांना कळलंच असतं.

सत्यमअण्णाकडे ते मला घेऊन गेले. जुनं भोक होतं तिथेच पुन्हा पाड, असं मलाच सांगायला लावलं. सत्यमअण्णा विडी न काढता म्हणाला, "मैं पूछा था कि नहीं?" मी म्हणालो, पूछा था.

मग खरा बिघाड. दोरी ओढताना खडूच्या दोन्ही रेघा एकाच वेळी वर यायला हव्या होत्या. खालची येत होती, वरची अर्धं बोट मागे राहत होती. एक पाय लंगडा असल्यासारखं. अप्पांनी वरच्या चाकाची पोलादी तार नखाने छेडली, मग खालची छेडली, कान लावला, आणि वरची आट्यावर थोडी कसली. पुन्हा छेडली. चाकाच्या तारांसारखंच. दोन दिवस तेच केलं, तेव्हा रेघा बरोबरीने यायला लागल्या.

आणि मग कागद. हे त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं. आमच्याकडे तारा काढलेली एक रिकामी रिम पडली होती. तिच्यावर खळ लावून वर्तमानपत्र ताणून चिकटवलं, हलगी मढवतात तसं. मैदानात बांबूला टांगलं, मागे भुश्याचं पोतं, आणि चार पावलांवरून मी बाण मारायचा. बाण कागदातून जातो कसा, ते कागद सांगतो. पहिल्या बाणाला भोक पडलं आणि भोकापासून वर चांगली चार बोटं चीर गेली. अप्पांनी चिरेवरून बोट फिरवलं. "तोंड इथनं शिरलं. शेपूट वरनं आली. म्हणजे शेपूट वर आहे." दोरीवर बाणाची खाच जिथे बसते तिथे दोऱ्याची गाठ बांधलेली असते. ती त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढी खाली सरकवली. पुन्हा कागद, पुन्हा बाण. चीर तीन बोटं. पुन्हा गाठ. कागद टेलर मास्तरांचा उर्दू पेपर असायचा, आणि ते रोज खिडकीतून ओरडायचे, "मियाँ, कल का फाडो, आज का नक्को! मैं अभी पढा नहीं!"

मधल्या वेळात, खळ वाळेपर्यंत, अप्पा स्लीपरवर बसून बोलायचे. एकदा म्हणाले, या मैदानात मी तुझ्या आईला सायकल शिकवली होती. सकाळी कुणी उठायच्या आत. लुगडं साखळीत अडकून पडली, कोपर फुटलं, आणि रडायची सोडून हसत बसली. "आत्याला सांगितलं, चुलीपाशी पडले म्हणून." एवढं सांगून ते उठले आणि कागद वाळला का ते बघायला गेले. आईबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं.

आठव्या दिवशी मी बाण मारला आणि कागद फाटलाच नाही असं वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर एक स्वच्छ गोल भोक आणि त्याला बाणाच्या तीन पिसांच्या तीन बारीक चिरा. बास. तोंड जिथून गेलं तिथूनच शेपूट गेली होती. अप्पा हसले. आवाज करून हसले. "दिगू," म्हणाले, "जा आता."

सायकलवर धनुष्य पोत्यात गुंडाळून बांधलं आणि मुशीराबादवरून सिकंदराबादला निघालो. रस्ताभर पाठ करत होतो. मैं किया, साब. आपके चक्के को मैं हाथ लगाया. चढ लागला की पायडलच्या तालावर म्हणायचो. बंगल्याच्या फाटकाशी उतरलो तोवर ते इतकं पाठ झालं होतं की त्यात काही अर्थ राहिला नव्हता.

मेजरसाब व्हरांड्यात बसले होते. हात गळ्यात बांधलेला. घरात दुसरं माणूस दिसलं नाही. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर! दुकानदाराच्या पोराला तेव्हा कोण बसवायचं? डाव्या हाताने चहा ओतला, निम्मा बशीत सांडला. म्हणाले, "डॉक्टर बोले, अब तीर-कमान भूल जाओ." मग धनुष्य मांडीवर घेऊन बराच वेळ चाकं बघितली. "तू चला के दिखा, बेटा."

आंब्याच्या झाडाला गवताचं निशाण बांधलेलं होतं. मी ओढलं. मध्यापर्यंत जड, आणि शेवटच्या वितीत कुणी मागून येऊन निम्मा भार काढून घ्यावा तसं हलकं. मी तीन बाण मारले. तिन्ही सुतात गेले. शेपूट हलली नाही. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला, "वाह!"

मी बाण काढून आणले तेव्हा ते म्हणाले, "तेरे बाप को मैं सबके सामने बोल दिया उस दिन. अच्छा नहीं किया मैं. गलती करके उसी वक्त, खडे खडे मान लेने वाला आदमी मैं फौज में भी कम देखा. उनको बोलना, मेरे दिल में कुछ नहीं है. बोलेगा?"

"साब..."

"हौ, बोल."

"चाय अच्छी थी, साब."

पुढे कितीतरी वर्षं मी मनाला सांगत होतो की अप्पांचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प बसलो. मी सांगितलं असतं तर अप्पा खोटे ठरले असते, एवढं कौतुक केलेला माणूस. हे कारण मी घरी जाताना उतारावर तयार केलं. व्हरांड्यात ते नव्हतं. व्हरांड्यात एवढंच होतं की त्या माणसाने मला खुर्चीवर बसवलं होतं, बेटा म्हटलं होतं, आणि ते जायला नको होतं.

घरी आलो तर अप्पा पायरीवर उभे.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

हे मी धरलंच नव्हतं. काय म्हणाले ते आता मला बनवणं भाग होतं, आणि माझ्याकडे ताजं एकच होतं. म्हणालो, "म्हणाले, खडे खडे चूक मान्य करणारा माणूस मी फौजेतही कमी बघितला."

अप्पांना दिलेले शब्द मी स्वतःला घेतले. आणि त्यांच्यासाठीचा निरोप, मेरे दिल में कुछ नहीं है, तो मला देताच आला नाही. पोराने कबूल केल्यावर मेजरसाबच्या मनात अप्पांबद्दल काही असायचं कारणच उरत नव्हतं. तो निरोप अजून माझ्यापाशी आहे.

मेजरसाब पुन्हा दुकानावर आले नाहीत. बंगला विकून भावाकडे गेले असं सत्यमअण्णाला कुठून कळलं. तोवर गल्लीत जीपचा आवाज आला की माझ्या हातातला पाना निसटायचा. अप्पा मधूनच म्हणत, "मेजरसाब एकदा तरी येतील वाटलं होतं." मी खाली बघून पंक्चर काढायचो. आणि गंमत अशी की त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी बोलायला लागले. मोठी चाकं माझ्याकडे द्यायला लागले, गिऱ्हाइकासमोर "माझ्या पोराला विचारा" म्हणायला लागले. आणि मी गप्प झालो. ते आपणहून बोलत, मी हूं म्हणत असे. पुढे सुमन लग्न होऊन आली तेव्हा म्हणायची, "अप्पा एवढे बोलके, तुम्हीच कसे मुके?" तिलाही मी गोष्ट सांगितली, पण ती सांगितलेलीच, मी कबूल केलं ती. तिने ती पोरांना सांगितली, सुनेला सांगितली, शेजारणींना सांगितली. मी कमी बोलतो, पण बोललो की कुणालाही तोंडावर बोलतो, ते तिला त्याच गोष्टीतलं वाटायचं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तिला म्हणालो, डॉक्टर म्हणाले सोमवारी घरी सोडतील. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, सगळे असंच सांगतात हो. सुमन तिला म्हणाली, "ह्यांना खोटं जमत नाही," आणि भिंतीकडे तोंड करून शांत झोपली. सोमवार तिने बघितला नाही.

त्या संध्याकाळचं थोडं राहिलं. माझं ऐकून अप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून आत घेऊन गेले आणि आत्याला म्हणाले, "पोरगं खरं बोलून आलं. काहीतरी गोड कर." आत्याने शेवयांची खीर केली. दूध पुरेना म्हणून मास्तरांकडून मागून आणलं. अप्पांनी स्वतःची वाटी माझ्या वाटीत ओतली. आई गेल्यापासून घरात गोड शिजलं नव्हतं, आणि आम्ही तिघं चुलीसमोर बसून खाल्लं. खीर फार चांगली झाली होती. मी ती सगळी खाल्ली आणि आणखी मागितली.